घरगुती पिक-अँड-प्लेस : यंत्र उभं राहिलं, सॉफ्टवेअरपाशी घोडं अडलं

टीपकागद | रविवार, सकाळी ७:५२

मंडळी, बऱ्याच वर्षांचा वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

शेतीपंपाचे मोबाईलवरून चालू-बंद होणारे स्टार्टर बनवतो, पुण्यात, घराच्या मागच्या खोलीत. एका बोर्डावर ६४ एसएमडी भाग, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे चिमुकले भाग. त्यातले बहुतेक रेझिस्टर-कपॅसिटर ०६०३ मापाचे, म्हणजे १.६ बाय ०.८ मिमी. महिन्याला १०० बोर्ड, म्हणजे ६,४०० वेळा चिमटा उचलायचा. बायको म्हणते यापेक्षा तांदूळ निवडणं बरं, शेवटी भात तरी होतो. जॉबवर्कवाले १०० नगांसाठी दारात उभं करत नाहीत, आणि जो करतो तो प्रत्येक रिळामागे (भाग पट्टीत भरून रिळावर येतात) सेटिंगचे पैसे लावतो.

म्हणून गेल्या दिवाळीपासून पिक-अँड-प्लेस यंत्र, म्हणजे भाग उचलून बोर्डावर जागच्या जागी ठेवणारं, बांधायला घेतलं. सांगाड्याला २०४० प्रोफाइल, सरकायला एमजीएन१२ रेल, ओढायला जीटी२ दातेरी पट्टे, नेमा १७ मोटरी, भाग फिरवायला पोकळ दांड्याची नेमा ८, जुकीच्या ५०० मालिकेतल्या नोझल (व्हॅक्युमने भाग उचलणारी टोकं). एक कॅमेरा डोक्यावर खाली बघणारा, दुसरा टेबलावर आकाशाकडे तोंड करून. १२ व्होल्टचा व्हॅक्युम पंप. कंट्रोलर म्हणून थ्रीडी प्रिंटरचा ३२ बिटी बोर्ड, त्यात मार्लिन हे मोटरी हलवणारं फर्मवेअर. थोडं लॅमिंग्टन रोडवरून, थोडं भंगारातून, एकूण ४३ हजार.

यंत्र हलतं, भाग उचलतं, ठेवतं. पण जी-कोड (हालचालीचे हुकूम) हाताने टाइप करून. ओपनपीएनपी हे अशा यंत्रांचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तीन रात्री बसलो आणि मला ते झेपलं नाही. टॅबच्या आत टॅब, त्याच्या आत आणखी टॅब. मला विमान उडवायचं नाहीये हो.

तर विचार असा आहे की आपणच एक हलकं सॉफ्टवेअर लिहावं. पायथन, कॅमेऱ्याचं चित्र ओळखायला ओपनसीव्ही, यंत्राशी बोलायला सिरियल पोर्ट. चार बटणं : बोर्ड उघडा, पट्ट्या लावा, तपासा, चालू. सगळं मराठीत. माझ्यासारखे आणखी दहा जण असतील तर त्यांनाही फुकट देईन. कोणाला अनुभव आहे का? कोणी हात लावेल का?

---

खडूस_इंजिनिअर | रविवार, सकाळी ८:१०

यंत्राला ४३ हजार दिलेत आणि सॉफ्टवेअर फुकट हवंय. अस्सल पुणेकर. (हलके घ्या.)

एक भाबडा प्रश्न : हाताने एका भागाला किती सेकंद लागतात आणि यंत्राला किती?

---

टीपकागद | रविवार, सकाळी ८:३१

@खडूस, हाताने ६ सेकंद, बायकोला ५. यंत्राला जी-कोड फाइल देऊन बघितलं तर ६ ते ७. हसा. पण यंत्र चालू असताना मी बाजूला बसून टेस्टिंग करू शकतो, आणि ते चाळीसाव्या बोर्डावर जांभया देत नाही.

---

सह्यकडा | रविवार, दुपारी १२:४५

टीपकागद, यंत्राबद्दल अभिनंदन. आता कटू बोलतो.

नका लिहू.

मी २०१९ पासून घरच्या यंत्रावर ओपनपीएनपी चालवतो. पहिला महिना मीही तुमच्यासारखाच वैतागलो होतो. जेसन वॉन नीडा यांनी सुरू केलेला हा प्रकल्प दहा वर्षांहून जुना आहे. जावामध्ये आहे, जीपीएल ३ परवान्याखाली आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतो. त्यातली निम्मी सेटिंग्ज कोणा ना कोणाच्या फसलेल्या रात्रीतून आलेली आहेत. तुम्हाला जो पसारा दिसतो, ते टाके आहेत. तुमचं सॉफ्टवेअर आज चार बटणांचं असेल, पण वर्षभराने त्यालाही तेवढेच टाके पडलेले असतील.

अमेरिकेतल्या ओपुलो कंपनीच्या ल्युमेनपीएनपी यंत्राचं उदाहरण घ्या. स्टीफन हॉज यांनी यंत्राचे सगळे आराखडे उघडे ठेवले, फीडर (भागांची पट्टी पुढे सरकवणारे) स्वतःचे बनवले, आणि सॉफ्टवेअर मात्र ओपनपीएनपीच वापरलं. विकणाऱ्या माणसालासुद्धा ते परत लिहावंसं वाटलं नाही.

एक करा. यंत्राची वायर काढून ठेवा आणि ओपनपीएनपी नुसतं उघडा. नवीन बसवलं की ते खोट्या यंत्रासकट येतं, खोटा कॅमेरा, खोटा बोर्ड. त्यावर आठवडाभर खेळा. आपण सगळे चूक कुठे करतो, तर पहिल्याच दिवशी खरं यंत्र जोडतो. मग नोझल टेबलात घुसते आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या देतो.

---

नेकारकाठ | रविवार, दुपारी ३:२०

सह्यकडांशी ८०% सहमत. दुसरी बाजूही आहे : फिनलंडच्या युहा कुसामा यांनी लाइटप्लेसर नावाचा किट काढला तेव्हा सॉफ्टवेअर स्वतःच लिहिलं, सी शार्पमध्ये, आणि तेही उघडं ठेवलं. एकच यंत्र, एकच कंट्रोलर. त्यामुळे पसारा कमी राहिला. एका माणसाला हे जमतच नाही असं नाही. पण त्याला त्यातच राहावं लागतं. तुम्हाला स्टार्टर विकायचेत की सॉफ्टवेअर सांभाळायचंय, हे आधी ठरवा.

(मी श्टुटगार्टमध्ये बोर्डांची तपासणी करणाऱ्या कॅमेरा-यंत्रांवर काम करतो, म्हणून तोंड खुपसलं.)

---

टीपकागद | रविवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. तरी खुमखुमी आहे. दोन आठवडे स्वतःच्या कोडला देतो. फसलो तर इथेच येऊन कबूल करीन.

---

भोसरीकर | सोमवार, सकाळी ६:४०

सीएनसी मशीनवर २२ वर्षं झाली. सॉफ्टवेअरमधलं कळत नाही, लोखंडाचं सांगतो.

जीटी२ पट्टा, २० दातांची पुली, म्हणजे एका फेऱ्याला ४० मिमी. मोटरची २०० पावलं, ड्रायव्हर प्रत्येकाचे १६ तुकडे करतो, म्हणजे ३२००. म्हणजे मिमीला ८० पावलं, एक पाऊल ०.०१२५ मिमी. हा आकडा बघून लोक खूश होतात. पण ते रिझोल्युशन झालं, अचूकता नव्हे. पट्टा ताणतो, गाडी डुलते.

एक्स आणि वाय काटकोनात नसतील तर ते सॉफ्टवेअर सुधारेल. पट्ट्याची ढिलाई असेल तर प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूने जायचं, उजवीकडून आलात तर दर वेळी उजवीकडूनच. तेही सॉफ्टवेअर करेल. पण डोकं हलतंय, कधी इकडे कधी तिकडे, त्याला औषध नाही. डायल गेज लावा, एकाच जागी २० वेळा जा, आकडे लिहा. फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर पुढचं बोला.

---

खडूस_इंजिनिअर | सोमवार, सकाळी ९:०२

भोसरीकर +१. या धाग्यावरचा पहिला कामाचा प्रतिसाद. माझे धरून.

---

चिमटावाली | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार. माझं नाशिकला अंबडमध्ये छोटं युनिट आहे. पाच मुली कामाला आहेत, सगळ्या चिमट्याने ठेवतात. माझी सगळ्यात जलद मुलगी ०६०३ ला ४ सेकंद घेते, तेव्हा तुमच्या यंत्राला माझ्याकडे नोकरी मिळणार नाही. :)

तीन वर्षांपूर्वी एक तयार टेबलावरचं यंत्र घेतलं होतं. ब्रँड सांगत नाही. सॉफ्टवेअर त्याच्या आतल्या कॉम्प्युटरमध्येच बंद, भाषांतर असं की "रद्द करणे नाही करायचे का?" विचारायचं आणि खाली दोन्ही बटणांवर "ओके". मुली घाबरायच्या. तो कॉम्प्युटर बिघडला तेव्हा सगळे जॉब गेले, कारण फाइल बाहेर काढायची सोयच नव्हती. आता त्याच्यावर सोल्डर पेस्टचे डबे ठेवतो.

मला काय हवंय ते सांगते, कोणी लिहिणार असेल तर. भाग ठेवण्यात वेळ जात नाही. वेळ जातो पट्ट्या लावण्यात. छोट्या जॉबला पूर्ण रीळ कोण घेतं? कापलेल्या पट्ट्या येतात, अर्धा हात लांबीच्या. कुठली पट्टी कुठल्या खाचेत, तोंड कुठल्या दिशेला, किती भाग शिल्लक, हे मुलींना स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आणि मराठीत दिसलं पाहिजे. कॅमेरा, कॅलिब्रेशन वगैरे तुम्ही लोक एकदा करून जा. रोज यंत्रापुढे मुलगी उभी असते, इंजिनिअर नाही.

आणि नोझलला आमच्याकडे 'चोच' म्हणतात. मुलींनीच ठेवलेलं नाव आहे.

---

सह्यकडा | सोमवार, रात्री १०:१५

चोच! हे ओपनपीएनपीच्या मराठी भाषांतरात गेलंच पाहिजे.

ताई, कापलेल्या पट्टीची सोय त्यात आहे, आणि फार सुंदर आहे. पट्टीच्या कडेला जी भोकं असतात ती प्रमाणित असतात : १.५ मिमी व्यासाची, एकमेकांपासून ४ मिमीवर. वरच्या कॅमेऱ्याने दोन भोकं दाखवली की सॉफ्टवेअर पट्टीची दिशा ओळखतं, आणि तिथून भागांचे खिसे कुठे आहेत ते मोजून काढतं. यंत्राला महागडे फीडर लागतच नाहीत. थ्रीडी प्रिंट केलेल्या खाचेत पट्टी सरकवली की झालं. स्वस्त यंत्राची खरी बचत इथे आहे.

---

टीपकागद | दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:३०

कबुलीजबाब.

पहिले चार दिवस स्वर्गात होतो. बोर्डाची फाइल वाचली, यंत्र हललं, कॅमेऱ्यात फिड्यूशियल ओळखलं (बोर्डाची जागा ओळखायची खूण, तांब्याचा १ मिमीचा गोल ठिपका), बटणं मराठीत. मग त्याच ठिपक्याकडे १० वेळा जाऊन जागा मोजली. ०.०२, ०.३१, ०.०४, मग एकदम ०.८. पट्टा घट्ट केला. भोसरीकरांनी सांगितलं तसा डायल लावला, तर डायलवर फरक ०.०३! म्हणजे लोखंड खरं बोलतंय आणि माझा कोड खोटं बोलतोय. चार रात्री गेल्या. कॅमेरा बदलला, दिवा बदलला, बायकोने झोपायची खोली बदलली.

कोणी सांगेल का?

---

सह्यकडा | शनिवार, रात्री ११:४१

'ओके' आल्याबरोबर फोटो घेताय ना?

मार्लिनचा 'ओके' म्हणजे "हुकूम मिळाला, रांगेत लावला". पोचलो असं त्यात नाही. वाण्याने "हो, पाठवतो" म्हटलं म्हणजे सामान घरी आलं असं होत नाही. हलायच्या हुकुमानंतर एम४०० पाठवा आणि त्याच्या 'ओके'ची वाट बघा. तो सगळ्या हालचाली संपल्यावरच येतो.

---

नेकारकाठ | रविवार, पहाटे ३:०५

एम४०० ने निम्मं सुटेल. उरलेलं निम्मं : ओपनसीव्हीमधून कॅमेरा वाचताना चौकटी (फ्रेम) आधीच साठून बसलेल्या असतात. तुम्ही "आत्ताचा फोटो दे" म्हणता आणि तो मघाचा देतो. यंत्र पोचलं तरी चित्र वाटेतलंच. तीन-चार चौकटी वाचून फेकून द्या, मगची घ्या. शिवाय डोकं थांबल्यावरही क्षणभर थरथरतं. ओपनपीएनपी लागोपाठच्या दोन चौकटींतला फरक बघतं आणि चित्र स्थिरावेपर्यंत थांबतं. त्या टॅबमधल्या टॅबमध्ये हेच दडलंय.

---

टीपकागद | रविवार, सकाळी ७:२०

दोन्ही केलं. १० वेळा मोजलं. सगळ्यात मोठा फरक ०.०४.

आनंदही झाला आणि रडूही आलं. दोन ओळींचं उत्तर, चार रात्री. आणि अजून खालचा कॅमेरा, चोचीचा डुगडुगेपणा, व्हॅक्युमने भाग खरंच उचलला का हे कळणं, काहीच केलेलं नाही. सह्यकडा, तुमचे टाके दिसायला लागले. हरलो. ओपनपीएनपी परत टाकतोय, या वेळी आधी खोट्या यंत्रावर.

---

खडूस_इंजिनिअर | रविवार, सकाळी ९:४५

कबूल करायला येईन म्हणाला होतात आणि खरंच आलात. मराठी संस्थळाच्या इतिहासात बहुधा पहिलीच वेळ.

---

नेकारकाठ | रविवार, दुपारी १:१०

पण तुमचा कोड फेकू नका. फाइल वाचायचा जो भाग लिहिलाय त्याचाच खरा उपयोग आहे.

किकॅडची (बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरची) जागांची फाइल घ्या. प्रत्येक भागाचं नाव, व्हॅल्यू, पॅकेज (बाहेरचा आकार), एक्स, वाय आणि कोन. हा कोन तुमच्या लायब्ररीत तो भाग शून्य अंशाला जसा काढलाय त्याप्रमाणे असतो. पट्टीत तो भाग कुठल्या दिशेने बसलाय ते पट्टी भरणाऱ्यावर. रेझिस्टरला १८० अंशांनी काही बिघडत नाही. डायोड, टॅन्टलम कपॅसिटर, आयसी यांना बिघडतं. कोन चुकला तर सगळं यंत्र शंभर नंबरी असलं तरी बोर्ड चालणार नाही. ओपनपीएनपीत हे दुरुस्त करता येतं, पण कुठला भाग किती फिरवायचा हा तक्ता तुमचाच असायला हवा, आणि नव्या पट्टीबरोबर तो तपासायला हवा.

म्हणजे ओपनपीएनपीच्या आधी चालणारा एक छोटा कार्यक्रम (प्रोग्रॅम) : किकॅडची फाइल वाचा, फिरवणीचा तक्ता लावा, भाग मोजा, आणि चिमटावाली ताई म्हणतात तसा पट्ट्या लावायचा मराठी कागद छापा. दोन-तीनशे ओळी. आत जीपीएलचा कोड नाही, फक्त फाइल आत, फाइल बाहेर. परवाना तुम्हाला हवा तो ठेवा. ओपनपीएनपीलाच बदलून वाटायला निघालात तर मात्र बदललेला स्रोतही द्यावा लागेल. विकायला बंदी नाही, लपवायला आहे.

---

चिमटावाली | रविवार, दुपारी २:३०

हे मला पाहिजे. आत्ता. यंत्र नसलं तरी माझ्या मुलींना तो कागद चालेल.

---

टीपकागद | पुढचा महिना, गुरुवार, रात्री १०:५०

धागा वर काढतो.

कागदवाला कार्यक्रम झाला, २६० ओळी. यंत्र आता ओपनपीएनपीवर आहे. 'इश्यूज अँड सोल्यूशन्स' नावाचा टॅब मी पहिल्या वेळी उघडलाच नव्हता. तो एकेक अडचण दाखवतो, हे मोजा, ते दाखवा, आणि सेटिंग स्वतः भरतो. दोन्ही कॅमेरे एकाच यूएसबी हबवर होते तेव्हा दुसरा उघडेना. एक मदरबोर्डच्या वेगळ्या पोर्टवर लावला, उघडला. रेझिस्टर-कपॅसिटरसाठी खालचा कॅमेरा बंद ठेवलाय. ओव्हनमध्ये पेस्ट वितळली की एवढे छोटे भाग ताणाने आपोआप जागेवर सरकतात. आयसीसाठी चालू. भागाला साधारण ५ सेकंद. बायकोशी बरोबरी.

पहिले १० बोर्ड काढले. दहाही बंद.

फिरवणीच्या तक्त्यात डायोडपुढे ९० च्या ऐवजी उणे ९० लिहिलं होतं. किकॅडमध्ये अधिक कोन घड्याळाच्या उलट दिशेने, मी सुलट धरला. दहा बोर्ड, प्रत्येकी ४ डायोड, ४० डायोड गरम हवेने काढून उलटे लावले. ते काम यंत्र करत नाही.

---

चिमटावाली | गुरुवार, रात्री ११:०५

अहो, दहाच्या दहा ओव्हनमध्ये कशाला घातलेत? पहिला बोर्ड ठेवून झाला की यंत्र थांबवायचं. भिंग घेऊन सगळ्या खुणा बघायच्या. पेस्ट ओली असते, डायोड चिमट्याने फिरवला की झालं. आमच्याकडे नवी मुलगी पहिल्या दिवशी हे शिकते. कार्यक्रमात घाला : कागदाच्या खाली चौकट, "पहिला बोर्ड तपासला, सही".

---

टीपकागद | गुरुवार, रात्री ११:१२

घातली. सहीची जागा आता सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे.

---

भोसरीकर | शुक्रवार, सकाळी ६:३५

फर्स्ट पीस ॲप्रूव्हल. आमच्याकडे त्याशिवाय दुसरा जॉब लावत नाहीत. कॉम्प्युटरवाल्यांना सांगावं लागतं होय.

---

चिमटावाली | शनिवार, सायंकाळी ६:२०

टीपकागद, कागद वापरून बघितला. दोन जॉब झाले, मुली खूश. एक अडचण : आयसीची पट्टी १२ मिमी रुंद आहे आणि तुमचा कार्यक्रम सगळ्या पट्ट्या ८ मिमीच्या धरतो. खाच चुकीची सांगतो.

---

सह्यकडा | शनिवार, सायंकाळी ६:५८

भोकांच्या रेषेपासून खिशाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर : ८ मिमीच्या पट्टीला ३.५, १२ ला ५.५, १६ ला ७.५ मिमी. पॅकेजनुसार रुंदी तक्त्यात टाका. आणि खिशांमधलं अंतर वेगळं विचारा. १२ मिमीच्या पट्टीत ते बहुतेक वेळा ८ असतं, ०४०२ (०६०३ हून छोटं माप) च्या पट्टीत २.

---

टीपकागद | शनिवार, रात्री ८:१५

टाकतोय. ताई, त्या पट्टीचा फोटो आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवून मोजलेलं अंतर पाठवाल का? उद्या सकाळपर्यंत नवी प्रत देतो. बायकोने रविवारी दुपारनंतर यंत्राला हात लावायला बंदी घातली आहे.